वर्दी, बदली आणि पाळणा

१. दोन प्रश्न आणि दोन गावे

सैन्यात किंवा निमलष्करी दलात भरती होऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या घरून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. नोकरीत असताना दिवस गेले तर नोकरी राहते का, हा पहिला. आणि नको तेव्हा ते जाऊ नयेत म्हणून वर्दीतल्या बाईने कोणते साधन वापरावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आणि न्यायालयांच्या निकालांत सापडते, तर दुसऱ्याचे वैद्यकशास्त्रात. परंतु प्रत्यक्ष नोकरीत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की, एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे राहते.

वर्धा जिल्ह्यात या विषयाचे दोन्ही धागे हाताशी आहेत. देवळी तालुक्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार असून ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या भीषण आगीमुळे ते नाव देशभर पोचले. असे भांडार सैन्याच्या आयुध विभागाच्या अखत्यारीत असते आणि १९९२ साली परिचारिका व डॉक्टर यांच्यापलीकडे स्त्रियांना अधिकारी म्हणून घेण्यास सुरुवात झाली तेव्हा ज्या मोजक्या शाखांची दारे प्रथम उघडली त्यांत हा विभाग होता. दुसरीकडे त्याच जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठीचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मात्र या जिल्ह्याचा संततिनियमनाशी आलेला संबंध त्याहून जुना आहे.

२. वर्ध्यात झालेला वाद

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्याला आल्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत होते आणि सेवाग्रामचा मुक्काम अजून सुरू व्हायचा होता. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर आणि संसार दोन्ही मोडून पडतात, याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो उपायाबद्दल. गर्भनिरोधक साधने स्त्रीच्या हाती दिली पाहिजेत, असे सँगरबाईंचे म्हणणे होते. तर स्त्रीने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे आणि दोघांनी संयम पाळावा, असे गांधीजींचे. साधनांना त्यांनी शेवटपर्यंत मान्यता दिली नाही; फार तर महिन्यातील गर्भधारणा न होणारे दिवस पाळण्याच्या पद्धतीत निदान थोडा संयम तरी आहे, एवढी सवलत त्यांनी दिली. मुंबईत र. धों. कर्वे १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालवत होते आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, म्हणजे महाराष्ट्राला हा विषय तोवर अगदीच नवा राहिला नव्हता.

नकार देण्याचा हक्क ही गांधीजींनी पुढे केलेली गोष्ट किरकोळ नव्हती, कारण त्या काळी तोही स्त्रीला कोणी देत नव्हते. परंतु नकार आणि साधन यांपैकी एकच निवडले पाहिजे, हा त्या वादाचा पाया मात्र तपासून पाहावा लागतो. ज्या स्त्रीला नवरा हवा आहे आणि मूल आणखी तीन वर्षांनी हवे आहे, तिच्यासाठी त्या चर्चेत जागाच नव्हती. वर्दीतली स्त्री बहुतेक वेळा नेमकी याच जागी उभी असते.

या कथेचा उत्तरार्धही वर्ध्याशी जोडलेला आहे. गांधीजींच्या सहवासात घडलेल्या आणि त्यांची वैद्यकीय देखभाल केलेल्या सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९६५ साली, गर्भाशयात बसवायच्या प्लॅस्टिकच्या 'लूप'ची देशव्यापी मोहीम सुरू झाली. साधन स्वस्त होते आणि बसवायला काही मिनिटे पुरत. पण बसवल्यानंतर रक्तस्राव वाढलेल्या, पोटात दुखणाऱ्या बाईने कोणाकडे जायचे, याची व्यवस्था मोहिमेइतक्या वेगाने उभी राहिली नाही, तक्रारी गावोगाव पसरल्या आणि पुढील काही वर्षांत लूपवरचा लोकांचा विश्वास उडाला. साधन देणारी यंत्रणा आणि ते वापरणारी बाई यांची पुन्हा गाठ पडणार नसेल तर चांगले साधनही वाया जाते, हा लूपचा धडा लष्करात फार उपयोगी पडतो, कारण तिथे बाईची बदली होते आणि डॉक्टरचीही.

३. नियमपुस्तकातली गरोदर स्त्री

जगातील बहुतेक सैन्यांनी या प्रश्नाचे पहिले उत्तर एका शब्दात दिले : बडतर्फी. ब्रिटनमध्ये १९७८ ते १९९० या काळात गरोदर राहिलेल्या सुमारे पाच हजार स्त्रियांना सैन्यातून काढले गेले आणि पुढे त्याबद्दल सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. अमेरिकेत सक्तीच्या बडतर्फीचे धोरण १९७५ पर्यंत टिकले. त्याआधी, १९७० साली, व्हिएतनाममध्ये काम करणाऱ्या सुसान स्ट्रक या हवाई दलातील परिचारिका-कॅप्टनपुढे गर्भपात किंवा नोकरीचा शेवट असे दोनच पर्याय ठेवले गेले. ती कॅथलिक होती. मूल जन्माला घालून दत्तक देण्याची आणि नोकरीत राहण्याची तिची इच्छा होती. तिच्या वतीने लढणाऱ्या वकिलांत रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या, ज्या पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. हवाई दलाने ऐनवेळी माघार घेतल्याने निकाल लागला नाही, तरी गर्भधारणा टाळण्याची मोकळीक आणि मूल होऊ देण्याची मोकळीक हा एकच हक्क आहे, ही गोष्ट या प्रकरणाने जितकी स्पष्ट केली तितकी क्वचितच एखाद्या निकालाने केली असेल.

भारतात परिस्थिती आणखी एक पायरी मागे होती. लष्करी परिचर्या सेवेत १९७७ च्या एका नियमानुसार लग्न हेच सेवामुक्तीचे कारण ठरू शकत असे. १९८८ साली लग्न केल्यामुळे घरी पाठवलेल्या सेलिना जॉन या लेफ्टनंट परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि असा नियम उघड लिंगभेद करणारा असल्याचे म्हटले. तो नियम १९९५ मध्येच मागे घेतला गेला होता. न्याय मिळायला मात्र छत्तीस वर्षे लागली.

१७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया प्रकरणात केंद्र सरकारने स्त्रियांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याची संधी, नाकारण्यासाठी जी कारणे मांडली त्यांत गरोदरपण, मातृत्व आणि घरच्या जबाबदाऱ्या यांचा उल्लेख होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्यानंतर २५ मार्च २०२१ रोजी नितीशा प्रकरणात न्यायालय अधिक खोलात गेले, आणि या विषयाच्या दृष्टीने तोच निकाल अधिक महत्त्वाचा आहे. सैन्यात प्रकृतीची प्रतवारी 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या मोजपट्टीने होते; मन, श्रवण, हातपाय, एकूण शरीरक्षमता आणि दृष्टी या पाच बाबींत उत्तम असणारी व्यक्ती 'शेप-वन' ठरते. पुरुष अधिकारी कायम कमिशनसाठी ही परीक्षा तिशीच्या आसपास देत असत, तर कायम कमिशनचा विचार उशिरा सुरू झालेल्या स्त्रियांना तीच परीक्षा चाळिशी-पंचेचाळिशीत द्यावी लागली. नियम दोघांना सारखाच दिसत असला तरी त्याचा परिणाम सारखा नाही, असे न्यायालयाने ठरवले. गरोदरपणात अधिकाऱ्याची वैद्यकीय श्रेणी तात्पुरती खाली आणली जाते, हे यासोबत लक्षात घेतले की चित्र पुरे होते : नोकरीची पहिली दहा वर्षे म्हणजे अभ्यासक्रम, गोपनीय अहवाल आणि खडतर नेमणुका यांची वर्षे, आणि मूल होण्याचीही तीच वर्षे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका महिला निरीक्षकाला गरोदरपणामुळे वैद्यकीय श्रेणी खाली असल्याच्या कारणाने बढती नाकारली गेली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो निर्णय रद्द केला होता, तो याच तर्काने.

आज पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कायम सेवेत असलेल्या विवाहित स्त्रीची नोकरी गरोदरपणामुळे जात नाही. अधिकारी स्त्रियांना मिळणारी १८० दिवसांची प्रसूती रजा नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयानुसार जवान, नौसैनिक आणि हवाई सैनिक स्त्रियांनाही लागू झाली. प्रशिक्षणाचा काळ मात्र वेगळा असतो, आणि अग्निवीरांना तर चार वर्षांच्या मुदतीत अविवाहित राहण्याची अट असते. अट लग्नाची असते. शरीराची माहिती, तपासणी आणि साधन यांची गरज अविवाहित मुलीलाही असू शकते, एवढे येथे नोंदवले पाहिजे.

४. साधन करते काय, आणि चुकते कुठे

साधनांची निवड समजण्यासाठी आधी शरीराचे काम थोडक्यात पाहावे लागते. पाळीच्या चक्रात साधारण मध्यावर बीजांडकोशातून एक बीज बाहेर पडते, ते गर्भनलिकेत येते, तेथे शुक्राणू भेटला तर फलित होते आणि काही दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. या सगळ्याचे वेळापत्रक संप्रेरके, म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेली संदेशवाहक द्रव्ये, ठरवतात. गर्भनिरोधक गोळी आणि इंजेक्शन मुख्यतः बीज बाहेर पडण्याचे काम थांबवतात. तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची तांब्याची तार गुंडाळलेली छोटी काडी, शुक्राणूंना निकामी करते. आणि निरोध शुक्राणूंना आत शिरूच देत नाही.

यापुढची कल्पना मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही. प्रत्येक साधनाचे अपयश दोन प्रकारे मोजतात. सांगितल्याबरहुकूम वापरले तर किती स्त्रियांना वर्षभरात दिवस जातात, हे पहिले माप. आणि माणसे जशी खरोखर वापरतात, म्हणजे विसरत, उशीर करत, औषध संपल्यावर चार दिवस थांबत, तशी वापरली तर किती जणींना, हे दुसरे. रोजची गोळी काटेकोर घेतली तर वर्षाला हजारात तिघींना दिवस जातात, पण प्रत्यक्ष व्यवहारात शंभरात सात जणींना. निरोधाचे आकडे शंभरात दोन आणि तेरा असे आहेत. तिमाही इंजेक्शनाचे प्रत्यक्ष अपयश शंभरात चार आहे, आणि तांबीच्या बाबतीत दोन्ही मापांत जवळजवळ फरकच नाही : शंभरात एकाहूनही कमी. याचे कारण साधे आहे. गोळी म्हणजे रोज विहिरीवर जाऊन शेंदून आणायचे पाणी आणि तांबी म्हणजे घरात आलेला नळ. पहिल्यात पाणी कमी नसते, पण रोजची फेरी चुकू शकते.

आता हा हिशेब नोकरीच्या मुदतीवर मांडून पाहता येतो. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची पहिली मुदत दहा वर्षांची असते. वर्षाला शंभरात सात हे प्रमाण दहा वर्षे कायम राहिले असे धरले, तर पहिल्या वर्षअखेर ९३ जणी सुटतात, दुसऱ्या वर्षअखेर त्यांतल्या ८६-८७, आणि असे करत दहाव्या वर्षअखेर सुमारे ४८. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींना एकदा तरी नको असताना दिवस गेलेले असतात. तांबीच्या बाबतीत हाच आकडा शंभरात आठच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात वय आणि सवय यांमुळे धोका दरवर्षी थोडा उतरतो, त्यामुळे हे आकडे अदमासाचेच समजावेत, पण त्यांचा कल बदलत नाही.

साधन फुकट मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव पाहावा. तेथील सैन्यात स्त्रियांना गर्भनिरोधके लष्करी आरोग्यसेवेतूनच मिळतात, आणि तरीही २००८ च्या पाहणीत दर हजार सैनिक स्त्रियांमागे वर्षाला सुमारे १०५ अनियोजित गर्भधारणा आढळल्या. वयाचा फरक वजा केला तरी हे प्रमाण तिथल्या सर्वसाधारण स्त्रियांच्या सुमारे दीडपट होते. या पाहणीनंतर अनेक वर्षांनी, २०२२ मध्ये, वेळ न ठरवता थेट जाऊन साधन घेता येईल अशी केंद्रे सर्व लष्करी रुग्णालयांत सुरू करण्याचे धोरण तिथे आले.

५. बदलीचा हुकूम हातात असताना

नागरी डॉक्टर साधन सुचवताना वय, मुले, रक्तदाब आणि आधीचे आजार विचारतात. वर्दीतल्या स्त्रीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : पुढची नेमणूक कुठे आहे? सैन्याच्या बोलीत नेमणुका दोन प्रकारच्या असतात. 'पीस', म्हणजे पुलगाव किंवा कामठीसारखे कुटुंब सोबत ठेवता येईल असे ठिकाण, आणि 'फील्ड', म्हणजे सीमेवरचे किंवा कारवाईचे, जिथे कुटुंब नेता येत नाही.

पीसमध्ये जवळजवळ कोणतेही साधन चालते, कारण दवाखाना जवळ असतो. फील्डमध्ये रोजच्या गोळीच्या अडचणी एकामागून एक पुढे येतात. महिन्याचे पाकीट संपले की पुढचे कोठून, हा पहिला प्रश्न. उलट्या-जुलाब झाले तर गोळी अंगी लागत नाही, हा दुसरा. आणि उंचीवरच्या ठाण्यांचा प्रश्न या दोहोंहून गंभीर आहे. नेहमीच्या मिश्र गोळीत, सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्येही, इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते आणि ते रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढवते. दीर्घकाळ अतिउंचीवर राहिल्यानेही तोच धोका वाढतो. भारतीय लष्करी डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंचीवर दीर्घकाळ राहिलेल्या जवानांत गुठळ्यांचे प्रमाण सुमारे तीस पट आढळले होते. ते जवान पुरुष होते. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचेनमधील सुमारे १५,६०० फुटांवरच्या कुमार ठाण्यावर नियुक्त होणाऱ्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या, आणि तेव्हापासून हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर आठवड्यापेक्षा जास्त राहायचे असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळीऐवजी दुसरे साधन निवडण्याचा विचार करावा, असा सल्ला ब्रिटिश तज्ज्ञही देतात.

छाया ही गोळी या दृष्टीने वेगळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले हे औषध 'सहेली' नावाने १९९१ पासून बाजारात आहे. त्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच ती घ्यायची असते. पहारा आणि रात्रपाळी यांच्या धबडग्यात रोजची वेळ पाळण्यापेक्षा ठरलेला एक वार पाळणे पुष्कळ सोपे असते. काही जणींची पाळी तिच्यामुळे लांबते, आणि हे आधी माहीत नसेल तर दर महिन्याला जिवाला घोर लागतो.

तिमाही इंजेक्शन 'अंतरा' या नावाने २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. ते घेतल्याचे कोणाला कळत नाही, बराकीतल्या पेटीत काही लपवावे लागत नाही आणि तारीख चार आठवड्यांपर्यंत पुढे गेली तरी चालते. पण त्याने पाळी आधी अनियमित होते आणि मग बहुधा थांबते, हाडांची घनता काही प्रमाणात उतरते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर पुन्हा दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. जड पाठपिशवी घेऊन रोज धावणाऱ्या नव्या भरतीतल्या मुलींत हाडांना बारीक तडे जाण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. त्यामुळे प्रशिक्षणाच्या वर्षात अंतरा सुचवताना डॉक्टरने दोनदा विचार करावा. पुढच्याच वर्षी मूल हवे असलेल्या जोडप्यानेही ते टाळलेले बरे.

तांबी ही फील्डसाठी सर्वांत बिनघोर म्हणावी लागेल. सरकारी केंद्रांत मिळणारी एक जात पाच वर्षे आणि दुसरी दहा वर्षे काम करते. काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांचाही तिच्यावर परिणाम होत नाही, जो लोखंडी पेटीत ठेवलेल्या निरोधावर मात्र होतो, कारण उष्णतेने लॅटेक्स कमकुवत पडते. तिची उणी बाजू म्हणजे पहिल्या काही महिन्यांत पाळीचा स्राव आणि दुखणे वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन पाहावे, आणि ती मोहिमेवर निघण्याच्या आदल्या आठवड्यात न बसवता दोन-तीन महिने आधी बसवावी, म्हणजे त्रास झालाच तर दवाखाना हाताशी असतो. संप्रेरक असलेली, 'मिरेना' नावाने ओळखली जाणारी कॉइल उलट स्राव कमी करते, पण ती महाग आहे. दंडाच्या त्वचेखाली बसवायची काडी परिणामकारकतेत सर्वांच्या पुढे असून भारताच्या सरकारी कार्यक्रमात ती अलीकडेच टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहे.

याच संदर्भात सुट्टीवर भेटणाऱ्या जोडप्यांचा विचार करावा लागतो, आणि हा प्रश्न वर्दीतल्या बायकांइतकाच गावाकडे राहणाऱ्या फौजींच्या बायकांचाही आहे. नवरा दहा महिने दूर असल्याने साधन बंद असते आणि तो येतो तेव्हा ते सुरू करायला उशीर झालेला असतो. समजा, आर्वी तालुक्यातील एका जवानाची सुट्टी १० मे रोजी सुरू होते. मिश्र गोळी किंवा अंतरा पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांत घेतले तर संरक्षण लगेच मिळते, एरवी सात दिवस लागतात. पत्नीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या पाळीत अंतरा घेतले तर ते जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे साठ दिवसांची सुट्टी पुरी होऊन वर काही दिवस, पुरते. ते शक्य नसेल तर सुट्टीभर निरोध. चुकून काही घडलेच तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आहे, पण ती जितकी लवकर घ्यावी तितकी जास्त उपयोगी, आणि नेहमीचे साधन म्हणून ती कमकुवत आहे. तातडीचा याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी.

६. थांबलेली पाळी

कठोर प्रशिक्षणात, जेव्हा खर्च होणारी ऊर्जा पोटात जाणाऱ्या अन्नापेक्षा सतत जास्त असते, तेव्हा मेंदू बीजनिर्मितीचे काम थांबवतो आणि पाळी बंद होते. पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असा समज तेव्हा सहज होतो, आणि तो घातक आहे. कारण शरीर सावरू लागते तेव्हा बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. तीन महिने पाळी आली नाही तर लघवीची गर्भतपासणी करावी, आणि ती नकारात्मक आली तरी आहार व हाडे यांच्यासाठी डॉक्टरांना दाखवावे. याउलट, मोहिमेच्या काळात पाळी नको म्हणून मिश्र गोळ्यांची पाकिटे मध्ये खंड न पाडता घेणे हा डॉक्टरी सल्ल्याने करण्याजोगा मान्य उपाय आहे आणि त्यात गर्भाशयात 'रक्त साठून राहत' नाही, कारण अस्तर वाढतच नाही.

७. रोग कोणाचा, तपासणी कोणाची

लैंगिक आरोग्य हा सैन्याला नवा विषय नाही. नवी आहे ती त्यातली स्त्रीची जागा. ब्रिटिश छावण्यांत १८६० च्या दशकातील कायद्यांनुसार गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून छावणीजवळच्या वेश्यांची सक्तीने तपासणी होई आणि रोग आढळलेल्या बाईला बंदिस्त रुग्णालयात ठेवले जाई. शिपायाला मात्र अशी सक्ती नसे. त्यांतला वेश्यांच्या तपासणीचा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी लष्करी रुग्णालयांसाठी पहिल्या प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. सैन्याच्या नोंदवह्यांत स्त्री ही रोगाचा उगम म्हणून जाऊन शुश्रूषा करणारी म्हणून आली. स्वतः रुग्ण म्हणून यायला तिला आणखी शंभर वर्षे लागली.

रुग्ण म्हणून तिच्या अडचणी निराळ्या असतात. क्लॅमिडिया नावाचा जिवाणूसंसर्ग स्त्रियांत बहुतेकदा लक्षणांवाचून राहतो आणि आतल्या आत गर्भनलिका चिकटवून टाकतो, ज्याचा पत्ता मूल हवे असते तेव्हा लागतो. गोळी, इंजेक्शन किंवा तांबी यांपैकी कशानेही संसर्ग टळत नाही, तो निरोधानेच टळतो. म्हणून लांब विरहानंतर भेटणाऱ्या जोडप्यांनी दुसरे साधन असतानाही निरोध वापरणे शहाणपणाचे ठरते. अंगावरून पांढरे जाणे, त्याला वास येणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे बराकीत कोणाला सांगायची नाहीत म्हणून दाबली जातात. त्याहून सर्रास आढळणारी तक्रार लघवीच्या जळजळीची आहे, आणि तिचे मूळ स्वच्छतागृहाच्या अभावात असते : ताफ्यात किंवा गस्तीवर आडोसा मिळणार नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही आणि लघवी तासन्‌तास रोखून धरते. नागपूर-वर्ध्याच्या उन्हाळ्यात ही सवय उष्माघातालाही आमंत्रण देते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लस आता उपलब्ध आहे. भरतीच्या वेळी इतर लसींबरोबर ती देणे अवघड नसावे.

८. एमआय रूमचे दार

प्रत्येक युनिटात एक छोटा दवाखाना असतो, त्याला एमआय रूम म्हणतात. तेथील डॉक्टर अधिकारी असतो, बहुधा पुरुष, आणि संध्याकाळी त्याच मेसमध्ये जेवायला असतो. नर्सिंग असिस्टंट त्याच कंपनीतल्या जवानाचा मित्र असतो. गोळ्यांचे पाकीट मागायला लाजणारी तरुण अधिकारी शहरातल्या औषधाच्या दुकानाकडे वळते, ती यामुळे. साधनांची यादी कितीही मोठी असली तरी ती या दारापाशी अडते, आणि हे दार रुंद करण्याचे काम औषधशास्त्राचे नाही. महिला डॉक्टरची ठरलेल्या दिवशी भेट, कागदपत्रांत सांकेतिक नोंद, जवळच्या नागरी रुग्णालयात जाण्याची विनाचौकशी मुभा, असे साधे उपाय पुरेसे आहेत. सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्यात तरी ही मुभा देणे कठीण नाही.

साधन फसले तर कायदा काय म्हणतो, हेही माहीत असावे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन साधन अयशस्वी ठरल्याचे कारण विवाहित-अविवाहित असा भेद न करता ग्राह्य धरले गेले. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते; वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचे लागते, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची किंवा कमांडिंग अधिकाऱ्याची लागत नाही. आणि तिचे नाव कायद्याने अधिकृत नसलेल्या व्यक्तीला सांगणे हा गुन्हा आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, पण तो डॉक्टरच्या देखरेखीखाली, कारण मोठा रक्तस्राव सुरू झाला तर दूरच्या ठाण्यावरून खाली आणायला हेलिकॉप्टर आणि हवामान दोन्हींची मर्जी लागते.

९. दोन मुले झाल्यावर

कुटुंब पुरे झाल्यावर काय, याचे भारतातील ठरावीक उत्तर म्हणजे बाईचे ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच २०१९-२१ च्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती आणि पुरुष नसबंदीवर विसंबून असलेली जोडपी होती ०.३ टक्के. पत्नी वर्दीत असेल तेव्हा हे गुणोत्तर आणखीच विचित्र दिसते. तिच्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडावे किंवा दुर्बिणीने छेद घ्यावा लागतो, त्यानंतर काही काळ जड काम बंद ठेवावे लागते आणि तेवढे दिवस ती कवायत व चाचण्यांपासून दूर राहते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी स्थानिक भूल देऊन पाऊण तासाच्या आत उरकते, तो त्याच दिवशी घरी जातो आणि त्याच्या ताकदीत किंवा पुरुषत्वात कोणताही फरक पडत नाही. तिचा परिणाम मात्र लगेच सुरू होत नाही. आधीच साठलेले शुक्राणू संपेपर्यंत तीन महिने दुसरे साधन चालू ठेवावे लागते आणि वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते, त्यामुळे सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून घेतली तर तपासणीचा नमुना पुढच्या सुट्टीत किंवा युनिटजवळच्या लष्करी रुग्णालयात देता येतो.